जहाज तळाला लागते तेव्हा



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हांला जहाजांशी काय कर्तव्य? नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. आपल्या मुलांनी पाण्यावर तरंगणारे काही पाहिले असेल तर प्रकाशाजवळ तापीच्या पात्रातली नाव, नाहीतर नर्मदेच्या काठची होडी. मग मोठाली मालवाहू जहाजे बंदराच्या तोंडाशी वाळूत रुतली काय आणि न रुतली काय, आपले त्यात काय जाते?

वरवर पाहता ही शंका खरी वाटते. पण थोडा विचार करा. तुमच्या उसाला आणि केळीला तुम्ही पोटॅश घालता. ते परदेशातून जहाजाने येते. भाजीच्या फोडणीला पडणारे पामतेल बहुतेक सगळे जहाजातूनच येते. ट्रॅक्टरमध्ये जे डिझेल भरता, त्याचे कच्चे तेलही बव्हंशी समुद्रावरूनच आलेले असते. आणि आपला कापूस जिनिंगमधून निघून परदेशी निघाला, की त्याच्या गाठी बंदरावरच जाऊन पडतात. तेव्हा समुद्र आपल्या गावात नसला तरी आपल्या घरात रोज येतो.

दुसरे असे, की आपल्या जिल्ह्यातून दोन मोठ्या नद्या समुद्राकडे जातात. उत्तरेच्या शिवेवरून नर्मदा आणि मधून तापी. या दोन्ही नद्यांच्या मुखाशी प्राचीन काळापासून नामांकित बंदरे होती, आणि त्या दोन्ही ठिकाणी जहाजे तळाला लागत असत. ही हकीकत पुढे येईलच.

मला आज मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. जहाज एका मालकाचे असते, पण ते रुतले की त्याचा भुर्दंड अनेकांवर पडतो. आणि त्यांतल्या पुष्कळांना त्या जहाजाचे नावसुद्धा ठाऊक नसते.

आधी जहाज तळाला लागते म्हणजे काय ते पाहू. जहाज पाण्यावर तरंगते असे आपण म्हणतो खरे, पण त्याचा बराच भाग पाण्याखाली असतो. हा बुडालेला भाग जितका खोल, तितके पाणी त्या जहाजाला लागते. बंदरावरची माणसे याला ड्राफ्ट म्हणतात. आजच्या मोठ्या मालवाहू जहाजाचा ड्राफ्ट पंधरा मीटरांच्या घरात असतो. आपल्याकडची पन्नास फूट खोल विहीर डोळ्यांसमोर आणा. काठापासून तळापर्यंत तेवढे पाणी असेल, तेव्हा कुठे ते जहाज जेमतेम तरंगेल. चालायचे तर त्याहून काही हात पाणी अधिक हवे. ते कमी पडले, की जहाजाचा तळ वाळूला, गाळाला किंवा खडकाला टेकतो. यालाच जहाज तळाला लागणे म्हणतात.

माल जसजसा भरावा तसतसे जहाज खाली बसते. लोभी मालक पूर्वी इतका माल भरीत, की भर समुद्रात जहाजे बुडत. इंग्लंडात सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या लोकप्रतिनिधीने याविरुद्ध मोठी चळवळ केली आणि १८७६ साली तिथल्या कायद्यात भाररेषेची तरतूद झाली. जहाजाच्या कुशीवर एक वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ काढलेली असते. त्या रेघेच्या वर पाणी येईल इतका माल भरायचा नाही. शेजारी आणखी लहान रेघा असतात: उन्हाळ्यातल्या समुद्राची एक, हिवाळ्यातली एक, आणि गोड्या पाण्याची एक.

गोड्या पाण्याची रेघ वेगळी का? शिक्षक मित्रांनो, हे वर्गात सहज दाखवता येईल. एका पेल्यात साधे पाणी घ्या आणि त्यात ताजे अंडे सोडा. ते तळाला जाईल. आता त्या पाण्यात मीठ घालून हळूहळू ढवळत जा. अंडे वर येईल. खारे पाणी जड, म्हणून ते वस्तूला अधिक उचलून धरते. पंधरा मीटर बुडालेले जहाज समुद्रातून नदीच्या गोड्या पाण्यात शिरले, की ते आणखी फूटभर खाली बसते. म्हणजे जिथे नदीचा गाळ साचून पाणी उथळ झालेले, नेमके तिथेच जहाज अधिक खोल जाते.

यात वेगाची भर पडते. पाटाचे पाणी अरुंद जागी जोरात धावते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. उथळ पाण्यातून मोठे जहाज वेगाने चालले, म्हणजे त्याच्या पोटाखालच्या चिंचोळ्या जागेतून पाणी जोराने मागे जाते. जोराने वाहणाऱ्या पाण्याचा दाब घटतो आणि जहाज खाली खेचले जाते. काठाजवळून गेले तर याच कारणाने त्याची शेपूट काठाकडे ओढली जाते आणि तोंड दुसरीकडे वळते. म्हणून बंदराच्या तोंडाशी जहाजे सावकाश चालवतात. पण फार सावकाशही चालवता येत नाहीत. वेग अगदी कमी झाला, की जहाज सुकाणूला जुमानत नाही आणि वारा नेईल तिकडे जाऊ लागते. चालवणाऱ्याचे खरे कौशल्य या दोहोंच्या मधले अंतर राखण्यात आहे.

आता आपल्या दोन नद्यांकडे वळू.

नर्मदेच्या मुखाजवळ भडोच आहे. त्याचे जुने नाव भृगुकच्छ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषा लिहिणाऱ्या कुणा व्यापाऱ्याने किंवा नावाड्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती एका पुस्तकात लिहून ठेवली. ते ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखले जाते. पैठण आणि तेर या दख्खनच्या शहरांतून माल गाड्यांवर लादून भडोचला येत असे, असे त्यात सांगितले आहे. पण याच बंदराविषयी तो लेखक परदेशी नावाड्यांना बजावतो, की इथले पाणी फसवे आहे. खंभातच्या आखातात भरती अशी जोराने चढते आणि ओहोटी अशी झपाट्याने उतरते, की आता जिथे जहाज तरंगत होते तिथे थोड्या वेळाने तळ उघडा पडतो. अनोळखी जहाजे वाळूच्या दांड्यांवर चढून उलथतात.

यावर तिथल्या राजाने काय केले होते, तेही त्याने नोंदवले आहे. राजाने स्थानिक कोळ्यांना चाकरीस ठेवले होते. ते आपल्या मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परक्या जहाजांना गाठत आणि ती ओढून, वळवून, उथळ जागा चुकवीत आत आणीत. भरती असेल तेव्हा चालायचे आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहांत नांगर टाकून थांबायचे. आज प्रत्येक मोठ्या बंदरावर पायलट नावाचा अधिकारी असतो. जहाज बंदराजवळ आले की तो लहान बोटीने जाऊन दोरशिडीने वर चढतो आणि कप्तानाला वाट दाखवतो. त्याचे काम आणि नर्मदेच्या मुखावरल्या त्या कोळ्यांचे काम एकच. जहाज कितीही मोठे असो, त्या पाण्याचा जाणकार तिथे राहणाराच असतो, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या राजाला कळले होते.

आता तापीचे पाहा. तिच्या मुखाशी सुरत. मोगलांच्या काळात हिंदुस्थानातले हे अव्वल बंदर होते. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा जुना व्यापारी मार्ग नवापूर आणि नंदुरबारवरूनच जात असे. पण गंमत अशी, की या नामांकित बंदरात मोठी जहाजे शिरूच शकत नव्हती. तापीच्या मुखाशी गाळाचा आणि वाळूचा आडवा बांध पडलेला. म्हणून मोठी जहाजे सुरतेपासून सुमारे वीस किलोमीटरांवर, समुद्रकाठच्या सुवाळी या गावासमोर नांगर टाकीत. तिथे वाळूच्या दांड्याच्या आड थोडे खोल पाणी होते. पुढचा प्रवास माल लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून करी.

याच सुवाळीसमोर १६१२ सालच्या नोव्हेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली. इंग्रजांचा कप्तान थॉमस बेस्ट याच्याकडे दोनच जहाजे, तर पोर्तुगिजांकडे चार मोठी युद्धजहाजे. लढाईच्या धुमाळीत पोर्तुगिजांची त्यांतली तीन जहाजे उथळ वाळूवर चढून बसली. पुढे त्यांनी ती सोडवून घेतली, पण इंग्रजांचे पाऊल जे सुरतेस टेकले ते टेकलेच. लढाईचा निकाल अनेक गोष्टींवर लागतो हे खरे. तरी तापीच्या गाळानेही त्या दिवशी आपले मत दिले होते, असे म्हणायला हरकत नाही. हा गाळ कुठला? सातपुड्याच्या उतारावरची आणि खानदेशच्या काळ्या रानातली माती पावसाळ्यात तापीला मिळते. त्यातली थोडी सुरतेच्या तोंडाशीही पोचली असणार. १९७२ साली उकाईचे धरण पूर्ण झाल्यापासून त्या गाळाचा मोठा भाग धरणातच साठतो. त्या जलाशयाचे पाणी आपल्या नवापूर तालुक्यापर्यंत येऊन टेकले आहे.

जुन्या काळाच्या गोष्टी झाल्या. आता यंत्रे आली, आकाशातल्या उपग्रहांवरून जहाजाला आपली जागा काही मीटरांपर्यंत कळते. मग जहाजे रुतायची थांबली का? नाही. उलट जहाज जितके मोठे, तितके रुतणे महाग.

२०२१ सालच्या मार्च महिन्यात इजिप्तच्या सुएझ कालव्यात जे घडले ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. एव्हर गिव्हन नावाचे जहाज, लांबी चारशे मीटर, त्यावर अठरा हजारांहून अधिक कंटेनर. २३ मार्च रोजी जोराचा वारा आणि धुळीचे वादळ सुटले असता ते कालव्यात तिरपे झाले. नाक एका काठात घुसले, शेपूट दुसऱ्या काठाशी गेली आणि बोळात आडवी घातलेली गाडी जशी वाट अडवते तशी त्याने सगळी वाट अडवली. कंटेनरांच्या उंच थप्प्यांवर वारा शिडावर भरावा तसा भरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हे कसे झाले याचा थोडा उलगडा होतो. पाठीमागे आणि पुढे तीनशेहून अधिक जहाजे खोळंबली. त्या वेळी जगातल्या व्यापाराचा सुमारे दहावा हिस्सा या कालव्यातून जात असे. आणि त्या जहाजावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी आपले भारतीय होते.

ते सुटले कसे? श्रोतेहो, काळ्या रानात पावसाळ्यात आपली भरली गाडी रुतते तेव्हा आपण काय करतो, ते आठवा. पहिल्याने चाकापुढचा चिखल काढतो. मग दुसरी बैलजोडी लावतो. एवढ्यानेही निघाली नाही, तर गाडीवरचे ओझे उतरवतो. रुतलेल्या जहाजाचेही हेच तीन उपाय आहेत. सुएझमध्ये गाळ उपसणारे जहाज लावून नाकाखालची सुमारे तीस हजार घनमीटर वाळू काढली. बैलजोड्यांच्या जागी टग नावाची लहान पण दणकट ओढबोटी लावल्या. ओझे उतरवायची, म्हणजे कंटेनर काढायची तयारीही सुरू झाली होती. पण जहाजाला एक चौथा उपाय असतो, जो गाडीला नाही. तो म्हणजे चंद्र.

२८ मार्च २०२१ ही फाल्गुनी पौर्णिमा होती. आपल्याकडे सातपुड्यात होळ्या पेटण्याचा तो दिवस. काठीच्या होळीचे नाव तर सर्वदूर आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि समुद्राला उधाणाची भरती येते. त्या पौर्णिमेच्या उधाणाने सुएझमध्ये नेहमीपेक्षा दोनेक वीत पाणी जास्त चढले. दुसऱ्या दिवशी, २९ मार्चला, आपण धुळवड खेळत होतो तेव्हा ते जहाज सुटले. दोन लाख टनांचे धूड यंत्रांनी हलवले हे खरे, पण वेळ चंद्राने ठरवली.

हे भरतीचे गणित शिक्षकांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. कोकणातले लोक पंचांगावरून भरतीची वेळ काढतात. तिथीला पाऊणने गुणायचे, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणून साडेअकरा-बाराच्या सुमारास. पाढ्यांतली पाउणकी कशाला पाठ करायची असे मुले विचारतात, त्यांना हे उदाहरण द्यावे. पौर्णिमा-अमावास्येची ती उधाणाची भरती, आणि अष्टमीच्या आसपासची लहान ती भांगाची भरती. उधाणाला तळाला लागलेले जहाज फार वाईट. कारण पुढचे उधाण येईपर्यंत त्याला पंधरवडा वाट पाहावी लागते. तोवर प्रत्येक ओहोटीला त्याचे वजन पाण्याऐवजी वाळूवर पडते. मध्ये उंचवटा आणि दोन्ही टोके अधांतरी राहिली, तर जहाजाचा कणा मोडतो.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. मुंबईचे बंदर नैसर्गिक आणि आडोशाचे, पण खाड्यांचा गाळ तिथेही साचतो. बंदरात शिरायची वाट समुद्राच्या तळातून खोदून खोल केलेली आहे आणि ती सतत उपसावी लागते. पलीकडच्या काठावर १९८९ साली न्हावाशेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. दोन्ही बंदरांची जहाजे याच तोंडातून ये-जा करतात. म्हणजे दोन गावांची गाडीवाट एकच, आणि तीही दोन्ही बाजूंनी चिखलाची.

७ ऑगस्ट २०१० रोजी या वाटेवर एमएससी चित्रा हे न्हावाशेव्याहून निघालेले कंटेनरवाहू जहाज आणि आत येणारे खलिजिया-३ हे जहाज यांची टक्कर झाली. खलिजिया आदल्याच महिन्यात मुंबईजवळ तळाला लागले होते. टकरीनंतर चित्रा प्रॉन्ग्ज दीपगृहाजवळ उथळ पाण्यात बसले आणि एका कुशीवर कलंडले. त्यावर सुमारे बाराशे कंटेनर होते. त्यांतले तीनशेच्या आसपास समुद्रात घसरले. सुदैवाने खलाशी सगळे वाचले. पण जळणाचे सुमारे आठशे टन तेल समुद्रात गेले, आणि पाण्यात तरंगणाऱ्या व बुडालेल्या कंटेनरांनी वाट अडल्यामुळे दोन्ही बंदरांची जहाजवाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली.

या घटनेतली एक बाब आपण शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. त्या कंटेनरांपैकी काहींत कीटकनाशके होती. औषधाचा डबा पाण्यात फुटला तर काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. किनाऱ्याला लागलेल्या वस्तू उचलू नका, असे सरकारला लोकांना बजावावे लागले. तेलाचा थर उरण, अलिबाग या बाजूच्या खारफुटीवर चढला. मुंबईकरांनी काही दिवस मासे घेणे टाकले. ऐन नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, होड्या समुद्रात ढकलण्याच्या दिवसांत, कोळ्याच्या जाळ्याला तेल लागले. टक्कर दोन जहाजांची झाली, पण चूल विझायची पाळी ज्यांच्यावर आली ते त्या दोन्ही जहाजांवर नव्हते.

पुढच्याच वर्षी, २०११ साली, मुंबईच्या जुहूच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात एकामागून एक दोन जहाजे येऊन बसली. जूनमध्ये विस्डम नावाचे जुने जहाज कोलंबोहून मोडीसाठी गुजरातेत अलंगला ओढून नेत असता दोर तुटला आणि ते वाहत येऊन वाळूत रुतले. ते पाहायला जत्रेसारखी गर्दी लोटली. दुसऱ्याची गोष्ट अधिक विलक्षण. पवित नावाचे लहान तेलवाहू जहाज बिघडले म्हणून खलाशांनी ते जूनअखेर ओमानच्या बाजूला समुद्रातच सोडून दिले. महिनाभर ते बिनमाणसाचे जहाज अरबी समुद्र ओलांडत राहिले आणि ३१ जुलैला जुहूच्या वाळूवर येऊन टेकले. तोवर किनाऱ्याच्या पहाऱ्याला त्याचा पत्ता लागला नव्हता. मुंबईवरच्या २००८ सालच्या हल्ल्यानंतर हे घडल्यामुळे मोठी खळबळ माजली.

ही तिन्ही संकटे पावसाळ्यातली आहेत, हे तुमच्या ध्यानात आले असेल. आपल्याला पाऊस आणून देणारा नैऋत्येचा वारा समुद्रावरून सरळ किनाऱ्याकडे वाहतो. ज्या जहाजाचे यंत्र बंद पडले किंवा दोर तुटला, त्याला तो किनाऱ्याकडेच ढकलतो. आपल्या पिकाला जो तारक, तोच बिघडलेल्या जहाजाला मारक.

रुतलेले जहाज निघाले तर बरे. निघाले नाही तर काय? गोव्यात कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्यावर ६ जून २००० रोजी रिव्हर प्रिन्सेस नावाचे मोठे खनिजवाहू जहाज वादळात नांगर तुटून येऊन बसले. ते पुरते निघायला २०१२ साल उजाडले. बारा वर्षे मालक, सरकार, न्यायालय आणि ठेकेदार यांच्यात त्याचा प्रश्न फिरत राहिला. तोवर जहाज गंजून वाळूत अधिकाधिक खोल गेले आणि आजूबाजूचा किनारा झिजत गेला. रत्नागिरीजवळ मिऱ्या येथे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार हे जहाज असेच किनाऱ्याला लागले. त्यावरच्या खलाशांना वाचवले, पण जहाज पुढे वर्षानुवर्षे तिथेच पडून राहिले. गावच्या रस्त्यात कुणाची मोडकी गाडी पडली तर आपण चार दिवसांत पंचायतीत तक्रार करतो. शंभर हातांचे लोखंड किनाऱ्यावर पडले तर तक्रार कुणाकडे करायची, हे मच्छीमाराला कळत नाही. कारण जहाजाचा मालक एका देशात, नोंदणी दुसऱ्या देशात आणि विमा तिसऱ्या देशात असतो.

यासाठी देशोदेशींच्या सरकारांनी २००७ साली नैरोबी येथे एक करार केला. अडसर ठरणारे मोडके जहाज हलवण्याची जबाबदारी मालकाची, आणि त्यासाठी त्याने आधीच विमा उतरवलेला असला पाहिजे, हे त्याचे सार. भारत २०११ साली या करारात सामील झाला आणि २०१५ साली करार अमलात आला. कायदा झाला म्हणून जहाज आपोआप हलत नाही, हे मिऱ्याच्या उदाहरणावरून दिसतेच. पण मागायचे कुणाकडे, एवढे तरी त्याने ठरवले.

आता माल पाठवणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. सागरी व्यापारात एक फार जुना नियम आहे. जहाज आणि त्यावरचा सगळा माल वाचवण्यासाठी मुद्दाम जो खर्च किंवा नुकसान सोसावे लागते, ते जहाजमालकाने आणि सर्व मालधन्यांनी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घ्यायचे. त्याला आपण सामाईक नुकसानभरणी म्हणू. एव्हर गिव्हन सुटल्यावर मालकाने हाच नियम लावला. शिवाय भरपाईचा तंटा मिटेपर्यंत, म्हणजे ७ जुलै २०२१ पर्यंत, कालव्याच्या अधिकाऱ्यांनी जहाज मालासकट अडकवून ठेवले. ज्याची त्यावर एकच पेटी होती, ज्याने सुकाणूला कधी हात लावला नाही, त्याचाही माल अडकला आणि त्याच्यावरही वाटा आला. आपल्या जिल्ह्यातून पपई, मिरची, कापूस यांचा माल आज ना उद्या थेट परदेशी पाठवू असे म्हणणाऱ्या तरुणांनी आणि शेतकरी कंपन्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: मालाचा सागरी विमा हा वायफळ खर्च नव्हे. तो नसेल तर दुसऱ्याच्या रुतलेल्या जहाजाची पट्टी आपल्या खिशातून जाते.

तुम्हाला नवल वाटेल, पण जहाज मुद्दाम तळाला लावण्याचाही एक धंदा आहे. मघाशी अलंगचे नाव आले. ते खंभातच्या आखातात, भडोचच्या पलीकडच्या किनाऱ्यावर आहे. १९८३ सालापासून तिथे जुनी जहाजे मोडण्याचे काम चालते. उधाणाच्या दिवशी म्हातारे जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतात. ओहोटी लागली की ते कोरडे पडते आणि मग मजूर ते तुकड्या-तुकड्यांनी कापतात. ज्या भरतीची भीती पेरिप्लसच्या लेखकाने घातली, तिच्यावरच आज हजारोंचे पोट चालते, आणि ते काम जोखमीचेही फार आहे. पाणी तेच, वाळू तीच. माहिती असून वापरली तर काम होते, दुर्लक्ष केले तर घात होतो.

शेवटी आजचाच एक प्रश्न. जहाजे मोठी होत चालली, म्हणून खोल पाण्याच्या बंदरांची मागणी वाढली. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथील नव्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तिथे समुद्र मुळातच सुमारे वीस मीटर खोल मिळतो, ही त्या जागेची मोठी बाजू. तिथले मच्छीमार मात्र अनेक वर्षे या बंदराला विरोध करत आले आहेत. आपल्या मासेमारीचे पाणी जाईल, ही त्यांची धास्ती. यात कोण बरोबर, याचा निवाडा मी इथे करत नाही. उकाई आणि सरदार सरोवर यांच्या काठी राहणाऱ्या आपल्या लोकांना पाण्यापायी घरदार सोडणे म्हणजे काय, हे ठाऊक आहे. मी एवढेच म्हणेन, की नर्मदेच्या मुखावर त्या राजाने पाण्याच्या जाणकारांना विचारून, त्यांना चाकरी आणि मान देऊन बंदर चालवले. बंदर कुठेही होवो, त्या पाण्यावर जगणाऱ्याचे ऐकून झाले तर ते टिकेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात नकाशा काढाल तेव्हा मुलांना प्रकाशापासून तापीच्या कडेकडेने बोट फिरवत सुवाळीपर्यंत जायला सांगा, आणि धडगावच्या डोंगरातून नर्मदेबरोबर भडोचपर्यंत. मग तिथून समुद्रात शिरून मुंबई आणि सुएझ दाखवा. पाण्याची ही वाट अखंड आहे. तिच्यावर कुठेतरी एक जहाज अडले, तर त्याची किंमत कुणाकुणाला मोजावी लागते, याची यादी मुलांनाच करायला लावा. कप्तानापासून सुरुवात होईल आणि बहुधा आपल्याच गावच्या खताच्या दुकानाशी येऊन थांबेल.